टायसन, जेक पॉल आणि माझा उजवा कल्ला

केस कापायला कधी जाऊ नये हे मला 15 नोव्हेंबर 2024 च्या संध्याकाळी कळलं. शुक्रवार होता, नारायण पेठेतलं नेहमीचं सलून, बाहेर प्रचाराच्या रिक्षा एकामागोमाग एक कोकलत चाललेल्या, 20 तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे मला वाटलं आत गेलो की कोण येणार कोण पडणार तेच ऐकावं लागणार. ऐकावं लागलंच, पण वेगळंच. उद्या सकाळी बॉक्सिंगच्या मॅचमधे माइक टायसन त्या यूट्यूबवाल्या पोराला, जेक पॉलला, कितव्या राउंडला झोपवणार.

"चौथ्या," म्हणत सलूनवाल्या दादाने माझ्या गळ्याभोवती कापड आवळलं. जरा जास्तच आवळलं. दादा टायसनचा भक्त. आरशाच्या एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात टायसन, आणि उदबत्ती बरोब्बर मधोमध, त्यामुळे ती नक्की कुणाला लावलीय हे विचारायची आपली हिंमत नाही.

बाकावर बँकेतून रिटायर झालेले काका होते. यांचे केस कापताना मी कधी पाहिले नाहीत, कापण्याजोगे फारसे नाहीतही, ते पेपर वाचायला येतात. पेपर खाली न करताच म्हणाले, "अरे, 58 वर्षांचाय तो. मी 58 चा होतो तेव्हा चपला घालायला भिंत धरायचो."

"काका, तुमचं वेगळं, तुम्ही बँकेत होता! आणि बॉक्सर फोरमनने 45 व्या वर्षी टायटल परत नाही मिळवलं? 1994 ला? दहाव्या राउंडला नॉकआऊट?"

"45 आणि 58 मधे 13 वर्षं असतात. एफडी दुप्पट होते तेवढ्यात."

पलीकडच्या खुर्चीत जिमवाला एक पोरगा फेड मारून घेत होता, तो म्हणाला की दादा, राउंड 2-2 मिनिटांचेच आहेत, तेही फक्त 8, आणि ग्लोव्हज 14 औंसचे, म्हणजे चांगले जाड. झालं. दादा म्हणाला राउंड छोटे म्हणजे टायसनला दम लागणारच नाही, काका म्हणाले ग्लोव्हज जाड म्हणजे त्या पोराला लागणारच नाही, आणि दोघांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पण दादाने ती लगेच धरून सरळ केली, त्यामुळे माझं मत कुणाच्या बाजूला पडलं ते मलाही कळलं नाही.

इथपर्यंत कात्री होती, चाललं असतं. मग वस्तरा आला. "वजनाच्या वेळी टायसनने त्या पोराला कशी ठेवून दिली बघितलं ना? अश्शी!" दादाने हवेत सणसणीत थोबाडीत मारली, वस्तऱ्याच्या हाताने. मी डोळे मिटले. मग त्याने कानामागचं साफ करायला माझा कान दुमडून धरला आणि नेमकी तेव्हाच 1997 ला टायसनने रिंगमधे होलिफिल्डचा कान चावला त्याची गोष्ट काढली. मी म्हटलं, दादा, आधी कान सोडा, मग सांगा. सोडला नाही. होलिफिल्डचा तुकडा पडल्यावरच सोडला.

आणि मग काकांनी पेपरची घडी घातली. हे वाईट लक्षण. "टोकियो," काका म्हणाले. "1990. बस्टर डग्लस. तेव्हा टायसन 23 चा होता, कुणाला स्वप्नात तरी वाटलं होतं का तो हरेल? दहाव्या राउंडला आडवा!"

सलूनमधे शांतता. दादाचा हात थरथरला असेल नसेल, मला फक्त 'सर्रर्र' असं काहीतरी ऐकू आलं आणि माझा उजवा कल्ला डाव्यापेक्षा इंचभर वर गेला. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही कारण तोपर्यंत पैज लागली होती. टायसनने नॉकआऊट केलं तर काका मिसळ देणार, नाहीतर दादा देणार, तर्री आणि जादा पावासकट.

शनिवारी सकाळी मी एका बाजूने विशीतला आणि दुसऱ्या बाजूने चाळिशीतला दिसत मोबाइलवर मॅच बघितली. चित्र मधेमधे गोल गोल फिरत होतं, पण खरं सांगू, ते फिरत नव्हतं तेव्हाही फार काही घडत नव्हतं. टायसन पहिल्या राउंडला जरा पुढे आला, मग स्वतःचेच ग्लोव्हज चावत बसला. आठही राउंड झाले, कुणी पडलं नाही, जेक पॉल पॉइंटवर जिंकला. टायसनचे लागलेले ठोसे एकूण 18. दादाने माझ्या खुर्चीभोवती याहून जास्त मारले होते.

संध्याकाळी कल्ला सारखा करायला गेलो तर काका आधीच हजर, पेपर न उघडता, मिसळीची वाट बघत. दादा म्हणत होता, "पण टायसन पडला का? नाही ना? मग हरला कसा?"

"पैज नॉकआऊटची होती."

"मग झाला का त्याचा नॉकआऊट?"

काका उठले, भिंत न धरता चपला घातल्या आणि काही न बोलता निघाले. दादाने माझ्या डाव्या कल्ल्याकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं, आणि एका फटक्यात डावाही उडवला. म्हणाला, "घ्या, मॅच ड्रॉ."

पैसे मात्र पूर्ण घेतले.