फिनिक्सला घर घेताय? मग फेब्रुवारीतच बघायला या

पहिला नियम हाच, घर बघायला फेब्रुवारीत यायचं. जुलैत येऊन घर बघणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि कोणी आलाच असेल तर त्याने घेतलं नसणार. फेब्रुवारीत कसं, निम्मी अमेरिका दारातला बर्फ उपसत असते आणि तुम्ही इथे हाफ शर्टात, आभाळ निळंशार, मागे डोंगर, एजंट बाई बॅकयार्डचं सरकतं दार उघडून म्हणतात की रोज सकाळी इथे बसून चहा प्या. प्याल की. मार्चपर्यंत नक्की प्याल. मग त्या काचेला आतून जाड पडदा लागतो, पडद्यामागे फॉइल, आणि इथे दार होतं हे दिवाळीपर्यंत घरातले सगळे विसरलेले असतात.

उन्हाळ्याचं विचारलंत तर एकच उत्तर मिळेल, 'बट इट्स अ ड्राय हीट'. हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा, पुढे तुम्हालाच लोकांना सांगायचंय. २०२३ मध्ये ओळीने ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होतं, म्हणजे आपल्या हिशोबात ४३ च्या पुढे, आणि त्यातल्या एका रात्री पारा ९७ च्या खाली उतरलाच नाही, रात्री हं. पुढच्या वर्षी ११३ दिवस सलग शंभरी. पण कोरडी हो. घाम येत नाही, म्हणजे येतो पण दिसायच्या आत उडून जातो. कोरडी हवा चांगलीच असते, कुरडयांना विचारा. एका मे महिन्यात आई आली होती, तिने पॅटिओवर वाळवण घातलं आणि चहा होईपर्यंत वाळलं, इतकी खूश झाली की म्हणाली घर चांगलं घेतलंस. या घराचं एवढं मनापासून कौतुक तेव्हापासून कोणी केलेलं नाही.

आता दिशा. आपल्या लोकांना पूर्वेचंच दार लागतं, आणि हे बिल्डरला आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं. दार पूर्वेला म्हणजे बॅकयार्ड पश्चिमेला, म्हणजे दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत तुमचा पॅटिओ, हॉल, सोफा आणि सोफ्यावरचे पाहुणे सगळे उन्हात. इथले जुने लोक उत्तर-दक्षिण घर शोधतात. तुम्ही शोधू नका. वास्तुशांती करा आणि विजेचं बिल देवाजवळ ठेवा.

आणि पाण्याचं विचारू नका. कृपया. एजंट बाईंचा चेहरा पडतो, बरं दिसत नाही. वर्षाला सात-एक इंच पाऊस पडतो त्या जागी सोळा लाखांचं शहर आहे, देशातलं पाचव्या नंबरचं, आजूबाजूची गावं तर धरलीच नाहीत, तर पाणी कुठून येतं हा प्रश्न नव्या माणसाच्या मनात येतोच, पण तो गिळायचा. बरंचसं येतं कोलोरॅडो नदीतून. वाळवंटातून ५४० किलोमीटर लांबीचा कालवा काढलाय, बहुतेक उघडा, आणि पाणी चढावर न्यायचं म्हणून पंप. नदीला पाणी कमी झालंय म्हणून २०२१ मध्ये पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी आमच्या ॲरिझोना राज्याच्या वाट्यातलं जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी कापलं. तुमचा नळ मात्र चालू राहिला, कारण कात्री मुख्यतः शेतकऱ्यांना लागली. शेतकरी घर बघायला येत नाही ना.

बाकीचं सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांवरच्या धरणांतून, आणि थोडं जमिनीखालून. जमिनीखालच्या पाण्यासाठी १९८० पासून भूजलाचा कायदा आहे, नवीन कॉलनी काढायची तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे आधी दाखवावं लागतं. लोन तीस वर्षांचं, पाणी शंभर वर्षांचं, मग झोप यायला काय हरकत आहे? जून २०२३ मध्ये राज्यानेच हिशोब मांडून सांगितलं की शंभर वर्षांचा विचार केला तर भूजल मागणीला साधारण ४ टक्के कमी पडतंय, तेव्हा नुसत्या भूजलाच्या जोरावर इथे नवीन कॉलनीला मंजुरी नाही. ज्यांना आधीच मिळाली होती त्यांची शाबूत. म्हणजे तुम्हाला दाखवतायत ते घर बहुतेक आधीच्या मंजुरीतलंच, अभिनंदन.

आणि कायदा म्हटला की पळवाट आलीच, त्यात आपण एकटेच हुशार असं समजू नका. सहा प्लॉट पाडले की कॉलनी, पाच पाडले तर नाही, आणि कॉलनी नाही तर शंभर वर्षांची भानगडही नाही. मग काय, पाच-पाच. फिनिक्सला लागून असलेल्या स्कॉट्सडेल शहराच्या शेजारी रिओ व्हर्डे फूटहिल्स म्हणून भाग आहे, असेच प्लॉट पडत गेले, सुंदर घरं, डोंगराचा व्ह्यू, आणि शेकडो घरांना पाणी टँकरने. टँकर भरायचा स्कॉट्सडेलच्या नळावर. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलने सांगितलं, आमचं आम्हाला पुरेना, नळ बंद. आलिशान घरातली माणसं पेपर प्लेटमध्ये जेवायला लागली आणि फ्लशला पावसाचं पाणी साठवायला लागली. टँकर येणार कधी, किती, हे बघायला इथवर यायची गरज नव्हती असं तुम्हाला वाटत असेल, पण व्ह्यूचं काय?

तरी तलाव बघायचाच असेल तर शेजारच्या टेम्पी शहरात आहे. कोरड्या पडलेल्या सॉल्ट नदीच्या पात्रात रबरी बांध फुगवून, विकतचं पाणी भरून १९९९ मध्ये केलेला, काठाला महागडे काँडो. जुलै २०१० मध्ये एका रात्री बांधाचा एक भाग फुटला आणि सकाळी लेक व्ह्यूवाल्यांच्या खिडकीखाली चिखल आणि मासे. नवीन बांध घालून परत भरला, भाव परत चढले. गावांची नावंही छान आहेत, एक केअरफ्री, एक क्वीन क्रीक, आणि सरप्राइज नावाचं तर आख्खं शहर आहे, त्यांनी निदान आधी सांगितलंय.

घरात काय बघायचं? किचन बघू नका, ग्रॅनाइट बघू नका, छपरावर एसी किती वर्षांचा आहे तेही बघू नका, नाहीतर झोप उडेल. आमचा जुलैच्या एका शुक्रवारी संध्याकाळी गेला. कंपनीचा माणूस फोनवर गोड आवाजात म्हणाला बुधवारी येतो. बुधवार! आम्ही तीन रात्री मित्राकडे काढल्या, एक मॉलमध्ये फिरून आणि शेवटची हॉटेलात, आणि आमच्याकडे मित्र, गाडी आणि क्रेडिट कार्ड होतं. मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, २०२३ मध्ये उष्णतेने ६४५ माणसं गेली. बरीचशी रस्त्यावरची, पण जी घरात गेली त्यातल्या बहुतेकांच्या घरी एसी होता, चालत नव्हता.

बाकी किरकोळ. जुलैत गार पाण्याचा नळ सोडला की गरम पाणी येतं, त्यामुळे गिझर ही हौसेची वस्तू आहे. स्विमिंग पूल घ्याच, ऑगस्टमध्ये त्यात उतरल्यावर आपण वरणात पडलोय असं वाटतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते इथे चालत नाही, इथे त्याचं बिऱ्हाड तुमच्या कंपाउंडच्या भिंतीत असतं, रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, हिरवे चमकतात, मुलांना सायन्स प्रोजेक्ट होतो. धुळीचं वादळ येतं त्याला हबूब म्हणतात, लांबून फोटो फार भारी येतो. आणि एचओए म्हणजे आपली सोसायटीची कमिटीच, फक्त भांडायला समोर कोणी येत नाही, पत्र येतं. आम्हाला आलं की तुमचा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो, तेव्हा बाहेर ११५ होतं आणि डबा आत ओढायला माझी बाहेर जायची हिंमत नव्हती.

नावाचं राहिलंच. इथे पूर्वी होहोकम लोक राहायचे, मैलोन्मैल कालवे खणून शेती करायचे, आणि साधारण १४५० च्या सुमाराला सगळं टाकून निघून गेले. चारशे वर्षांनी नवे लोक आले, तेच कालवे उकरले, आणि राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव शहराला दिलं. राख का झाली असेल हे तेव्हा कोणी एजंटला विचारलं नसावं.

आम्ही आमचं विकायला काढतोय, बाय द वे. पूर्वमुखी आहे, बॅकयार्डमध्ये संत्र्याचं झाड, मोहोराचा वास घरभर येतो. बघायला या ना, आत्ता नको, फेब्रुवारीच्या शेवटी या, सकाळी अकराच्या आत, चहा पॅटिओवर घेऊ.