विज्ञानकादंबरीत येशू हुडकण्याची सोपी कृती

परवा एका ऑनलाइन चर्चेत ‘ड्यून’ कादंबरीच्या नायकाला, पॉल अत्रेयदीसला, येशू ठरवण्यात आलं. पुरावे दोन: वाळवंट आणि भविष्यवाणी. लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा तुम्हीही मागे राहू नका. साहित्य: मलपृष्ठावरचा मजकूर, इंटरनेटवरचा सारांश आणि ‘क्राइस्ट फिगर’ (येशूचं प्रतिरूप असलेलं पात्र) हा शब्द चवीपुरता. कादंबरी ऐच्छिक.

आधी आद्याक्षरं बघा. जीझस क्राइस्टची जे आणि सी जुळली की निम्मं काम झालं.

नायकाने हात फैलावले की क्रूस. मग तो आळस देत का असेना.

मेलेला उठला की पुनरुत्थान. ‘हायपेरियन’मध्ये (1989) ते काम छातीत रुतलेला क्रूसाच्या आकाराचा परजीवी करतो, आणि दर खेपेला माणूसपण थोडं थोडं झडत जातं. हे सांगत बसू नका. पुढे सरका.

अडचणीचे शब्द गाळा. पॉलला महदी (इस्लाममधला येणारा तारणहार) म्हणतात, ‘लिसान अल-गैब’ असं अरबी नाव देतात, त्याच्या नावाने जिहाद होतो. ‘ड्यून’च्या दुसऱ्या भागात (1969) तो स्वतःच हिशेब मांडतो: 61 अब्ज मुडदे. येशूच्या खात्यावर एवढे चालतील ना? तारणहारांपासून सावध राहा म्हणून लेखक फ्रँक हर्बर्टने पुस्तक लिहिलं, आणि तुम्ही त्याच तारणहाराला हार घालताय.

‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ला (1959) मात्र जपून हात लावा. तिथे ख्रिस्ती धर्म उघड्यावरच मांडलाय, हुडकणार काय? अणुयुद्धानंतर काही शतकांनी, उपवासकाळात वाळवंटात बसलेल्या ब्रदर फ्रान्सिसला एक पवित्र अवशेष सापडतो. तो काय, तर सामानाची चिठ्ठी: पास्त्रामी एक पौंड, क्राउटचा डबा, बेगल सहा. लीबोविट्झ या ज्यू अभियंत्याच्या घरचं खाणं, आणि त्याच्यावर त्याच्या कॅथलिक संतपदाची फाईल पुढे सरकते! सोबतच्या सर्किटच्या नकाशाची सोनेरी नक्षीची प्रत काढण्यात फ्रान्सिसची 15 वर्षं जातात. नकाशा कशाचा, हे मठात कुणालाच कळत नाही. शेवटी पुन्हा बाँब पडतात आणि मिसेस ग्रेल्सच्या खांद्यावरचं दुसरं, आजवर झोपलेलं डोकं जागं होतं. ही रेचेल. ढिगाऱ्याखाली अडकलेले मठाधिपती झर्की तिला बाप्तिस्मा द्यायला बघतात. ती नाकारते, आणि उलट तिच्याच हातून त्यांना कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) मिळतं. बाप्तिस्मा का नको? धुवायला आदिपाप, म्हणजे आदम-हव्वेपासून जन्मतःच चिकटणारं पाप, तिच्यात नाहीच म्हणून. ही पापात पडण्याआधीची हव्वा आहे, आदिपापाविना जन्मलेल्या मरियेच्या जातकुळीची. हिला ‘फीमेल क्राइस्ट फिगर’ म्हणणाऱ्याने ना पुस्तक वाचलंय, ना धर्मशिकवण उघडलीय.

पुरे झाली थट्टा. क्रूस मोजणं बंद करा. ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’मध्ये (1958) लिथिया ग्रहावर पाप नाही आणि देवही नाही. फादर रुईझ-सांचेझला वाटतं, हे सैतानानेच रचलं. पण सैतान काही निर्माण करू शकतो असं मानणं हाच मुळात मानीपंथी (वाईटालाही देवाच्या तोडीची शक्ती मानणारं) पाखंड! कादंबरी या पेचावर उभी आहे. त्यात नायकाची आद्याक्षरं काय कामाची?

‘द स्पॅरो’मध्ये (1996) एमिलिओ सँडोझ हा भाषापंडित जेझुइट (कॅथलिक संघातला पाद्री) परग्रहावर जातो. परक्या मुलखाची भाषा आत्मसात करणारा जेझुइट आपल्याला नवा नसावा. 1616 मध्ये छापलेलं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ अशाच एकाचं आहे. सँडोझ परत येतो तो तळव्यांचं मांस कापून काढलेल्या हातांनी, आणि विचारतो की हे देवाने घडवलं असेल तर देव क्रूर नाही का. अख्खं पुस्तक हाच प्रश्न घेऊन तुमच्यासमोर बसलंय, आणि तुम्ही त्याचे तळवे बघून ‘खिळ्यांच्या खुणा!’ म्हणून ओरडताय. लाज वाटू द्या थोडी.