रात्री अकराच्या आत

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या शेंगेन व्हिसाचा एक नियम आहे. त्यांच्या देशात कोणत्या रात्री तुम्ही कुठे झोपणार, हे पुराव्यासकट आधी सांगायचं, मग तुम्हाला येऊ द्यायचं की नाही ते तिकडचे लोक ठरवणार. नुकतंच लग्न झालेल्या माणसाला हा प्रश्न इतक्या थेट आमच्या आत्यानेही विचारला नव्हता, आणि आत्याने पुष्कळ काही विचारलं होतं. माणशी ९० युरो फी, ३०,००० युरोंचा विमा, बँकेची स्टेटमेंटं आणि प्रत्येक रात्रीचं बुकिंग. थोडक्यात, हनिमून मंजूर व्हायच्या आधी त्याचा पलंग मंजूर व्हायला हवा.

पलंगाबाबत आमच्या घरात दोन पक्ष पडले. बायकोची अट एकच होती: खिडकी उघडली की इटली दिसली पाहिजे. माझीही एकच: एका रात्रीला शंभर युरोच्या वर जायचं नाही. युरो शंभर रुपयांच्या आसपास पोचल्यामुळे गुणाकार सोपा झाला होता, एवढाच त्यातला दिलासा. दोन्ही अटी इतक्या माफक होत्या, की त्या एकत्र बसणार नाहीत असं आम्हाला वाटलंच नाही.

शोधाची बातमी फुटली आणि फॅमिली ग्रुपवर काका सरसावले. काका-काकू टूर कंपनीबरोबर युरोप करून आलेले आहेत. त्यांचं फ्लॉरेन्सचं हॉटेल फ्लॉरेन्सच्या बरंच बाहेर, हायवेला लागून होतं. सकाळी सहाला पोहे, साडेसहाला बस, रात्री परत आल्यावर वरणभात. "ऐसपैस खोल्या, पार्किंग उत्तम," असं काकांनी लिहिलं. बसने गेलेल्या माणसाला पार्किंगचं एवढं कौतुक का, हे मी विचारलं नाही. मग त्यांनी अनुभवाचा अर्क दिला: "हॉटेलचं काय घेऊन बसलात, तिथे नुसतं झोपायलाच तर जायचं असतं!" त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. शेवटी आईने सूर्योदयाचा एक फोटो टाकला आणि विषय बंद झाला.

माझ्याकडे एक हुकमी एक्का होता. महाबळेश्वरला हॉटेलवाल्याला नुसतं "हनिमून कपल" म्हटलं, की पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन हंस आणि एखादा लालभडक केक आपोआप येतो. मी इटलीतल्या डझनभर ठिकाणी मेल केले, की आम्ही नवविवाहित आहोत, काही करता येईल का? उत्तरं सगळ्यांची आली. सगळ्यांनी अगदी मनापासून अभिनंदन केलं आणि खाली तोच दर लिहिला. काहींनी आठवणीने हेही कळवलं, की या दरात शहराचा कर धरलेला नाही. हे शहराच्या कराचं प्रकरण मला नवीन होतं. रोममध्ये ऑक्टोबर २०२३पासून तीन तारांकित हॉटेलात माणशी, रात्रीला ६ युरो पडतात, सलग १० रात्रींपर्यंत. म्हणजे जोडप्याला रोजचे १२ युरो, फक्त त्या शहरात झोपल्याबद्दल. रात्रभर जागून भटकलं तर काही लागत नाही. हा पर्याय मी घरात मांडून पाहिला.

आमचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर लागलं, आणि दोघांच्या रजा जुळेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. फेब्रुवारीत इटली स्वस्त असते, असं जाणकार सांगतात. रोम आणि फ्लॉरेन्सपुरतं ते खरंही आहे. पण व्हेनिसमध्ये त्याच सुमारास कार्निव्हल असतो. मुखवटे, झगे, विग घालून अख्खं जग तिथे लोटतं, आणि एरवी परवडेल-न परवडेल अशी जी खोली असते तीही साडेतीनशे युरो मागायला लागते. त्या भावात जी खिडकी मिळत होती ती समोरच्या भिंतीकडे उघडत होती. कालव्याकडे उघडणारीचा दर मी बायकोला दाखवलाच नाही, तिनेच तो मला दाखवला.

यावरचा उतारा म्हणजे मेस्त्रे. व्हेनिसच्या बेटांसमोर मुख्य भूमीवर हे गाव आहे, मध्ये खाजणावरचा लांबलचक पूल. गाडीने दहाएक मिनिटं, तिकीट दीड युरोच्या आसपास. शिवाय ते व्हेनिसच्याच महापालिकेच्या हद्दीत येतं, त्यामुळे "आम्ही व्हेनिसमध्ये उतरलो होतो" असं कुणालाही तोंड वर करून सांगता येतं. काकांना मेस्त्रे फार आवडलं. काकांना आवडलं म्हटल्यावर बायकोने काय समजायचं ते समजून घेतलं.

खिडकीतून मेस्त्रे स्टेशनचा फलाट दिसायचा. "पण या सगळ्या गाड्या व्हेनिसलाच जातात," असं मी म्हणून पाहिलं. ती काही बोलली नाही. पण सकाळी तिनेच हाक मारून मला खिडकीशी बोलावलं. खाली फलाटावर अठराव्या शतकातली एक सरदारीण उभी होती. पांढरा उंच विग, घेरदार झगा, हातात पंखा, आणि पंख्याच्या आड ती पाकिटातून वेफर्स खात होती. शेजारी तिचा सरदार तलवार सांभाळत फोनवर गाडी किती लेट आहे ते पाहत होता. खऱ्या व्हेनिसमध्ये ही मंडळी ऐटीत, मान वळवून फोटो देत फिरतात. त्यांना वेफर्स खाताना बघायचं असेल तर मेस्त्रेच पाहिजे. हॉटेलमागच्या रस्त्यावर बांगलादेशी दुकानं होती. तिथे हिरव्या मिरच्या मिळाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या पिझ्झ्याला चव आली.

व्हेनिसला जाऊन गोंडोलात बसायचं नाही म्हणजे लग्न अर्धवट राहिल्यासारखं. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर नावेचा असतो, माणशी नसतो, आणि नावेत पाच जण बसतात. म्हणजे आणखी तिघे मिळाले असते तर आमच्या वाट्याला फक्त ३६ युरो आले असते. हा हिशोब मी मोठ्याने केला. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या तीन परक्यांची सोय मी मनातल्या मनातच रद्द केली. मग कुठूनतरी त्रागेत्तोचा शोध लागला. ग्रँड कॅनॉलवर पूल फक्त चार, म्हणून काही ठिकाणी लोकांना पैलतीरी सोडायला साध्या गोंडोला ठेवलेल्या असतात. माणशी २ युरो. रियाल्टोच्या मासळीबाजाराजवळ आम्ही एकीत चढलो. स्थानिक लोक तीत उभेच राहतात, म्हणून आम्हीही उभे राहिलो, एकमेकांना घट्ट धरून. त्यात प्रणय किती आणि तोल जाण्याची भीती किती, हे सांगणं अवघड आहे. दोनेक मिनिटांत पलीकडे. फोटोत मिनिटं दिसत नाहीत. त्या फोटोवर आत्याचे बदामच बदाम आले.

फ्लॉरेन्समध्ये खिडकीचा प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो होतो, कारण खोलीच्या वर्णनातच घुमटाचा उल्लेख होता. ब्रुनेलेस्कीचा घुमट, १४३६ साली पुरा झालेला, अख्ख्या शहरावर छत्र धरून बसलेला. जागा म्हणजे एका जुन्या वाड्याचा चौथा मजला. या वाड्यांमध्ये प्रत्येक मजल्यावर वेगळ्या मालकाचं वेगळं लॉज असतं आणि सगळ्यांना मिळून एक लिफ्ट. त्या लिफ्टमध्ये एक तर नवरा मावतो, नाही तर बॅग. बायकोने बॅग घेतली.

खोली छान होती, पण घुमट कुठेच नव्हता. मालकीणबाईंना विचारलं, तर त्यांनी अभिमानाने आम्हाला बाथरूममध्ये नेलं आणि वरच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. बिडेवर, म्हणजे कमोडशेजारी धुण्यासाठी असलेल्या बुटक्या भांड्यावर, उभं राहिलं की घुमट दिसायचा, माथ्यावरच्या कंदिलासारख्या मनोऱ्यासकट. इटलीत १९७५पासून प्रत्येक नव्या घराच्या बाथरूममध्ये बिडे असणं कायद्याने सक्तीचं आहे. पाण्याच्या बाबतीत इतका समजूतदार दुसरा युरोपीय देश नसेल. (हॉलंडला जाऊन आलेला आमचा एक मित्र अजून त्या आठवणीने गप्प होतो.) त्या कायद्याचा हा दुसरा उपयोग मात्र कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात नसावा. पहाटे सूर्य उगवताना बायको बिडेवर उभी, मी खाली तिचे पाय धरून, आणि वरून तिचं वर्णन चालू: "आता लाल झालाय... आता केशरी..." रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकल्यासारखा मी रेनेसान्स ऐकला. खर्च रात्रीला ९४ युरो, कर वेगळा.

मग रोम. रोमने आमच्यापुढे एक अजब प्रस्ताव ठेवला होता: शहराच्या ऐन मध्यात, लखलखीत स्वच्छ, भलीमोठी खिडकी, नाश्त्यासह ८० युरो. मी खाली-वर सगळं वाचलं, कुठे मेख सापडेना. शेवटी फोटोत पलंगाच्या वर क्रूस दिसला. तो कॉन्व्हेंट होता. रोममध्ये असे कितीतरी मठ यात्रेकरूंसाठी ठेवलेल्या खोल्या इतरांनाही देतात. बायको म्हणाली, "हनिमूनला मठात?" मी म्हटलं, "खिडकी बघ." खिडकीबाहेर अंगण, अंगणात संत्र्यांनी लगडलेली झाडं, त्यापलीकडे दोन घुमट. तिने खिडकी पाहिली आणि सही केली.

दारातल्या टेबलाशी बसलेल्या सिस्टरनी आमचे पासपोर्ट घेतले, उलटसुलट पाहिले, चष्मा वर केला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "पुण्याचे का?"

सिस्टर वसईच्या निघाल्या. नातेवाइकांपासून सहा हजार किलोमीटर लांब यावं, आणि दारातच एक मावशी बसलेली असावी! "पुण्याचे म्हणजे चिमाजीअप्पांचे," त्या हसून म्हणाल्या. "१७३९ साली आलात तेव्हा आमच्याकडे काही विचारून नव्हतात आलात. इथे नियम आहेत हां. रात्री अकराला गेट बंद. हीटर दहाला बंद. लग्न कधी झालं?" बायकोने सांगितलं. "आणि मधे इतके दिवस काय केलंत?" आम्ही व्हिसाचं कारण सांगितलं. ते त्यांना पटलं. इटलीच्या कागदपत्रांपुढे देवाच्या माणसांचंही काही चालत नसावं.

खोलीत दोन कॉट होत्या, दोन भिंतींना लावलेल्या. आणि मध्ये एक टेबल, जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं. ते हलत नाही हे मला कसं कळलं, ते विचारू नका.

नाश्त्याला कॉफी आणि टोस्ट. म्हणजे आपले बेकरीतले बुडवून खायचे टोस्ट असतात ना, तसेच, फक्त जॅमच्या इवल्याशा डबीसह. सिस्टर रोज आमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या, बायकोला "पोरी, अजून एक घे" म्हणायच्या आणि दिवसाचा कार्यक्रम ठरवून द्यायच्या. १४ फेब्रुवारीला त्यांनी आम्हाला हौसेने सांता मारिया इन कॉस्मेदिनला धाडलं. "आज व्हॅलेंटाइनचा दिवस, तर त्यालाच भेटून या." गेलो. त्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत संत व्हॅलेंटाइनची म्हणून एक कवटी ठेवलेली आहे, कपाळावर फुलांचा मुकुट. बायको बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बाकीच्यांचे नवरे नुसते गुलाब आणतात."

त्याची भरपाई म्हणून रात्री रोमच्या त्रास्तेवेरे भागात जेवायला गेलो. इटलीत संध्याकाळी साडेसातच्या आधी स्वयंपाकघर हलत नाही, आणि तुम्ही मागेपर्यंत बिल येत नाही. न मागता ते देणं उद्धटपणा समजतात. मागितल्यावरही येत नाही, पण तो बहुधा वेगळा शिष्टाचार असावा. बिल हातात पडलं तेव्हा पावणेअकरा झाले होते. पोन्ते सिस्तोवरून आम्ही धावत सुटलो. पुलावर एक माणूस गिटार वाजवत होता, जोडपी कठड्याला टेकून एकमेकांच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्यांच्या मधून आम्ही दोघं, तिच्या हातात सँडल, माझ्या हातात उरलेला पास्ता.

"हॉस्टेलनंतर आजच अशी धावतेय," ती धापा टाकत म्हणाली. "तेव्हाही साडेनऊच्या आत पोचायचं असायचं. पण तो बिचारा निदान बॅग धरायचा."

"तो कोण?"

"पळ आधी."

गेटशी सिस्टर घड्याळ बघत उभ्या होत्या. अकराला दोन मिनिटं कमी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पास्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भांडलात का?" बायको म्हणाली नाही. मी काहीच म्हटलं नाही. "मग ठीक आहे," म्हणत त्यांनी कुलूप लावलं. दोन्ही कॉटच्या मधलं टेबल त्या रात्री मला फारसं खुपलं नाही.

निघताना सिस्टरनी बायकोचा नंबर घेतला. तेव्हापासून रोज दुपारी साडेबाराला, म्हणजे रोमच्या सकाळी आठला, आम्हाला फुलांचा फोटो आणि एक वचन येतं. आईलाही येतं. आईने उलट सूर्योदय पाठवायला सुरुवात केली आहे.

परवा काकूंचा फोन आला, माझ्याकडे नाही, बायकोकडे. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि काकूंचा आवाज खूप हळू होता. काका पुन्हा युरोप म्हणतायत, या वेळी आपलं आपण जाऊ म्हणतायत. रोमची ती नन्सची जागा कशी काय आहे? बायकोने खिडकीचं, संत्र्यांचं, सिस्टरचं सगळं कौतुक केलं. "ते सगळं असू दे गं," काकू म्हणाल्या. "कॉट खरंच वेगळ्या आहेत ना? आणि ते टेबल अजिबात हलत नाही ना?"