मिरवणुकीच्या आधीचा खर्च

काल रात्री भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. शिवणकामाची पिवळी टेप, ताईचीच, टोकाचा पत्रा कधीच निघालेली, मांडीभोवती गुंडाळलेली. खाली दोन आकडे. उजवी ५२, डावी ५०.५. आणि एक ओळ : "मावशी, दीड राहिलं."

दीड सेंटिमीटर. दहा महिन्यांपूर्वी हाच फरक साडेचार होता. एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका अस्थिबंधाच्या) ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू असा काही वितळतो की आपलाच पाय आपल्याला अनोळखी वाटतो, असं ती म्हणायची. फिजिओ दर आठवड्याला मोजायच्या. पुढे कराड-पुणे फेऱ्या परवडेनात, मग ताईनं ब्लाउजची मापं बाजूला ठेवून लेकीच्या मांडीचं माप घ्यायला सुरुवात केली. वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. एका पानावर कुणाच्या तरी पोलक्याची बाही, समोरच्या पानावर आमचं क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा तोच पुढचा स्नायू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भाची मोटोक्रॉस चालवते. म्हणजे रस्त्यावरची रेस नव्हे. मातीचा ट्रॅक, उंचवटे, उड्या, वळणावर मातीच्या भिंती. वय २१. दाजींचं गॅरेज ओगलेवाडीच्या रस्त्याला. बारा वर्षांची असताना एका जुन्या बजाज एम-८०चे पत्रे उतरवून दाजींनी तिला ती ऊस निघालेल्या रानात चालवायला दिली. ट्रॅकवर ओळीनं छोटे छोटे उंचवटे असतात, त्यांना वूप्स म्हणतात. नवी पोरं तिथं घाबरतात. हिला पहिल्याच दिवशी जमलं. तिच्या लेखी त्या सऱ्याच होत्या, आणि सऱ्यांवरून गाडी आडवी काढण्यात तिचं अख्खं बालपण गेलेलं.

मागच्या वर्षी सरावात एका टेबलटॉपवर (वरून सपाट असलेल्या उंचवट्यावर) उडी थोडी तोकडी पडली. पुढच्या वळणावर तोल सावरायला डावा पाय टेकला. "गाडी पुढं गेली, मी पण गेले, गुडघा तिथंच राहिला," हे तिचं वर्णन. यापेक्षा नेमकं मला एमआरआयच्या रिपोर्टमध्येही सापडलं नाही.

आता मुद्द्यावर येते. मी पुण्यात मार्केटिंगमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या स्पॉन्सरशिपच्या डेक, म्हणजे पैसे मागायला केलेल्या स्लाइड, वाचायच्या आणि बहुतेकांना नम्रपणे नाही म्हणायचं, हे माझ्या कामातलं एक काम. तेव्हा भाचीसाठी डेक मीच करणार हे उघड होतं. शनिवार-रविवार बसून चौदा स्लाइड केल्या. पहिल्याच स्लाइडवर हॉस्पिटलच्या खाटेवरचा फोटो, शेजारी एक्स-रे आणि मोठ्या अक्षरात "ती पडली. ती पुन्हा उठली." मला वाटलं, काय जमलंय!

तिचा फोन आला. "मावशी, पहिलं पान काढ."

"अगं, तेच तर विकलं जाणार आहे."

"मग मला नकोच विकायचं. लॅपटाइम टाक. पडायच्या आधीचे आणि आत्ताचे."

"आत्ताचे तीन सेकंदांनी मागे आहेत ना?"

"आहेत. तेच टाक."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. खरं सांगते, या पोस्टचं निम्मं कारण तो फोन आहे. वीस वर्षं मी हेच करत आले. खेळाडूनं काय मिळवलं यापेक्षा तिनं काय सोसलं हे वर आणायचं. त्यातून मुलगी असेल तर जास्तच. मुलाच्या डेकवर पोडियमचा, म्हणजे विजेत्यांच्या चौथऱ्याचा, फोटो असतो, मुलीच्या डेकवर प्लास्टर. आणि एकदा प्लास्टरच विकायला काढलं की समोरचा माणूस फक्त एक पोस्ट, एक रील, एक महिला दिनाचा कार्यक्रम विकत घेतो. पुढचा टायर, क्लच प्लेट, फोर्कचं ऑइल त्या गोष्टीत कुठेच बसत नाही.

आम्ही तीन ठिकाणी गेलो. नावं घेत नाही, घ्यायची गरजही नाही, सगळीकडे साधारण हेच ऐकू येतं. पहिल्या ठिकाणी फॉलोअर्स विचारले. दुसऱ्या ठिकाणी एक वयस्क, तसे भले गृहस्थ म्हणाले, हेल्मेट काढताना केस मोकळे सुटतात असं काहीतरी शूट करू. ती शांतपणे म्हणाली, "काका, केस मोकळे ठेवले तर हेल्मेटच बसत नाही हो." तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की आमचं बजेट नाही, पण सीएसआरमधून बघा.

या "सीएसआरमधून बघा"बद्दल एकदा लिहायचंच होतं. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के खर्च सामाजिक कामांवर करावा लागतो (त्यालाच सीएसआर म्हणतात), आणि त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षण आहे, हे खरं. पण त्याच नियमांत २०२१ पासून स्वच्छ लिहिलंय की जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे जर्सीवर लोगो लावायचा असेल तर सीएसआर नाही. मार्केटिंगवाला सीएसआरकडे पाठवतो, सीएसआरवाला संस्था नोंदणीकृत आहे का विचारतो, आणि एकटी पोरगी दोन्ही दारांच्या मध्ये उभी राहते. मीही लोकांना असं पाठवलंय. माहीत असून.

दुसरा प्रकार विम्याचा. दाजींनी घरच्यांसाठी आरोग्य विमा काढलेला होता, हप्ते वेळेवर भरलेले. ऑपरेशनचा क्लेम नाकारला गेला. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात धोकादायक खेळांची एक ठरलेली अट असते. व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च मिळत नाही, आणि उदाहरणांच्या यादीत मोटर रेसिंग नावानिशी आहे. भांडणं केली, काही झालं नाही. पण ते पत्र दाजींनी गॅरेजमध्ये लावून ठेवलंय. का, तर नऊ वर्षांत कुणीही तिला व्यावसायिक खेळाडू म्हटलं नव्हतं. स्पॉन्सर तिला हौशी म्हणतात, कॉलेज उपस्थिती मागतं, नातेवाईक "अजून तेच चालू आहे का" विचारतात. विमा कंपनीनं तेवढं पहिल्यांदा लेखी मान्य केलं.

आता एक कबुली. हा खेळ महाग आहे आणि धोका तिनं स्वतः पत्करलाय, हे मला मान्य आहे. कुणी म्हणेल, आमच्या करातून किंवा खिशातून का? तुमच्या करातून काही मागत नाही. खर्चाचं मात्र ऐका. २०२४च्या शेवटी केटीएमनं आपल्याकडे मोटोक्रॉसच्या गाड्या अधिकृतपणे आणल्या, त्यात २५० सीसीच्या गाडीची किंमत साडेनऊ लाखांच्या वर होती. या गाड्यांची आरटीओत नोंदणी होत नाही, रस्त्यावर काढताच येत नाहीत. ट्रॅकपर्यंत टेम्पोतून न्यायच्या. आमची तसली नाहीच. दाजींनी देशी २०० सीसी गाडी सोडवून, सस्पेन्शन बदलून बांधलेली आहे, लेडीज क्लासमध्ये, म्हणजे महिलांच्या शर्यतीत, ती चालते. त्या क्लासचीही गंमत असते. एंट्र्या कमी पडल्या की क्लासच रद्द, आणि टेम्पोचं भाडं अंगावर.

पण गाडी एकदाच घ्यावी लागते. सतत खातो तो बाकीचा खर्च. दर सरावानंतर एअर फिल्टर धुवायचा. ताईच्या घरामागे रात्री नऊला जा, भाची पाटावर बसून फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये पिळताना दिसेल. पहिलं पाणी लाल निघतं, दुसरं तपकिरी, मग हळूहळू स्वच्छ. वाळवायचा, तेल लावायचं, परत बसवायचा. एक फिल्टर धुतला नाही तर इंजिनात माती जाते आणि पिस्टन-रिंगांचं बिल येतं. पाय प्लास्टरमध्ये असतानाही ती हे करत होती. गाडी भाऊ चालवून ठेवायचा, फिल्टर ही धुवायची.

आणि गंमत बघा, खेळ थांबला तरी खर्च थांबत नाही, उलट वाढतो. ऑपरेशन, फिजिओ, नवे नी-ब्रेस (दोन्ही पायांना लागतात, नुसता दुखऱ्या पायाला लावून चालत नाही). नऊ महिन्यांच्या आत ट्रॅकवर परतायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि दोन्ही पायांच्या ताकदीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. नेमक्या याच नऊ महिन्यांत आधी मिळणारं थोडंफारही बंद झालं. एक दुकानदार टायरवर सूट द्यायचे, त्यांनी "परत सुरू केलंस की ये" म्हणून सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. सगळी रचनाच तशी आहे. पोडियमला पैसे, प्लास्टरला शुभेच्छा.

दुखापत हा या खेळातला अपवाद नाहीच. बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से बघा. ती मोटोक्रॉसची नव्हे, क्रॉसकंट्री रॅलीची, पण माती तीच. २०१७ला कॉलरबोन मोडलं, २०१८ला स्पेनमधल्या बाहा रॅलीत पडून स्वादुपिंडाला इजा झाली. आणि २०१९ला तिनं एफआयएम या जागतिक मोटरसायकल महासंघाच्या बाहा वर्ल्ड कपमध्ये महिलांचं विजेतेपद आणलं. मोटरस्पोर्टमध्ये असं जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. तिच्यामागे टीव्हीएस रेसिंग होती हे विसरून तिच्या जिद्दीवर भाषणं करणाऱ्यांचा मला वैताग येतो. न्यूझीलंडची कोर्टनी डंकन महिला मोटोक्रॉसची चार वेळा जगज्जेती आहे. २०१९, २०२०, २०२१ आणि २०२३. मधलं २०२२ दुखापतीत गेलं. २०२३चा कप येतो तो त्या रिकाम्या वर्षातही कुणीतरी मेकॅनिकचा पगार देत असतं म्हणून.

बाहेरचं कशाला. आमच्या ओगलेवाडीहून पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर किती लांब आहे? १९५२ला खाशाबांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं तर वर्गणी गोळा करावी लागली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबा कांस्य घेऊन परतले तेव्हा कराडात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमच्या भागात ही गोष्ट प्रत्येक पोराला शाळेत सांगतात, आणि सांगताना बैलगाड्यांवर जास्त वेळ घालवतात. गहाणखत एका वाक्यात उरकतं. मला वाटतं आमचं तिथंच चुकतं. बैलगाड्या आपोआप येतात हो. आजही येतील. फक्त आज फ्लेक्स येईल.

फ्लेक्सवरून आठवलं. गेल्या महिन्यात गावातल्या एका पुढाऱ्यांनी निरोप पाठवला की पोरीच्या पुनरागमनाचा फ्लेक्स लावतो, चौकात, वीस बाय दहा. दाजींनी हिशोब केला. तेवढ्या पैशात मागचा टायर आला असता. टायरचं विचारलं तर म्हणाले, टायरवर फोटो कसा छापणार?

आमच्या परंपरेत याला एक फार चांगला शब्द आहे, खुराक. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाला खुराक मिळायचा तो रोजचा. दूध, बदाम, तूप. गदा जिंकल्यावरचं बक्षीस वेगळं. पैलवानाचा खांदा उतरला तर त्या दिवशी दूध बंद करा असं कुठला वस्ताद म्हणेल? मला स्पॉन्सरशिपचं करारपत्र तसं लिहिलेलं बघायचंय. पैसे हवे तर कमी द्या, पण वर्षभराचे द्या, आणि जखमी झाली तर निम्मे तरी चालू ठेवा असं एक कलम घाला. तेवढ्या काळात ती तुमच्या डीलरकडे येऊन पोरांना सस्पेन्शन कसं लावायचं ते शिकवेल, तुमचं चेन-ऑइल मातीत वापरून खरा अभिप्राय देईल. या धंद्यात असल्यामुळे सांगते, त्याची किंमत मोकळ्या केसांच्या रीलपेक्षा जास्त आहे.

आणि मी माझ्या टेबलावर काय केलं? मागच्या दोन वर्षांत अशा किमान चार मुलींच्या डेक माझ्याकडे आल्या असतील. एक वुशूची, एक सायकलिंगची होती एवढं आठवतं. तिसऱ्या स्लाइडच्या पुढे मी गेले नव्हते. परवा जुन्या मेल काढून दोघींना उत्तर लिहिलं. एकीनं खेळ सोडलाय.

भाचीची नवी डेक सहा स्लाइडची आहे. लॅपटाइम, गाडीचा तपशील, वर्षाचा खर्च रुपयांत, फिजिओची मापं. तीन सेकंद आता सव्वादोनवर आलेत. सध्या लागतंय ते असं : मागचे टायर चार, पुढचे दोन, क्लच प्लेटचा सेट, फोर्क सील आणि पुढच्या तीन फेऱ्यांचं टेम्पोभाडं. रोख नको, वस्तू किंवा थेट दुकानाचं बिल चालेल. कुणाला डेक हवी असेल तर इनबॉक्समध्ये या, हिशोब दाजी देतील, गॅरेजच्या वहीत पै न् पै लिहिलेली असते.

ता.क. टेपचा फोटो टाकायची परवानगी तिनं दिलेली आहे. एक्स-रेची दिलेली नाही, मागू नका.