टोपी घालू द्या की त्यांना

वयस्कर माणसांचे फोटो कसे काढावेत यावरचा तुमचा लेख आवडला, पण 'वृद्धांना नकळत टिपा, मग फोटो कृष्णधवल करून क्लॅरिटी वाढवा' हा सल्ला मला अजिबात पटला नाही. वारीत दिवे घाटात हेच चालतं. एखादी आजी घाम पुसत दगडाला टेकली की चार लेन्स तिच्या तोंडाशी येतात. तिला कुणी विचारतसुद्धा नाही. आणि एडिटिंगमध्ये बारीक रेषा ठळक करणारा तो क्लॅरिटीचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला की कातडी भेगाळलेल्या रानासारखी दिसते, माणूस उरतच नाही.

आमच्याकडची वयस्कर मंडळी कॅमेरा दिसला की 'थांब जरा' म्हणतात, टोपी नीट करतात, पदर सावरतात, ताठ बसतात. त्यांच्या काळी फोटो म्हणजे मुद्दाम स्टुडिओत जाऊन काढायची गोष्ट होती. ते ताठ बसणंही खरंच आहे हो! तो फोटो आधी मनापासून काढा. मग गप्पा मारत बसा. आजीनं तांदूळ निवडायला घेतले की चेहरा आपोआप सैल होतो.

फ्लॅश नकोच, मोतीबिंदू असेल तर डोळ्यांना फार त्रास होतो. खिडकीशी किंवा ओसरीच्या सावलीत उजेडाकडे तोंड करून बसवा. चष्मा चमकला तर तो काढायला लावू नका, खुर्ची जराशी वळवा. मोबाइल असेल तर ब्यूटी मोड बंद करा आणि फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. दोन पावलं मागे सरकून 2एक्स झूम वापरा. कॅमेऱ्यावर 85 मिमीची लेन्स उत्तम.

आणि प्रिंट नेऊन द्या हो, मोबाइलच्या पडद्यावर त्यांना धड दिसत नाही. जरा मोठी, मॅट कागदावरची.