टाकीवरची वीट

नागपुरात उन्हाळ्यात घरी पाहुणा आला की पाण्याचा ग्लास पुढे करताना एक वाक्य हमखास जोडलं जातं, "फिल्टरचं आहे बरं का." पाहुणाही निर्धास्त होऊन गटागटा पितो. "आमची टाकी दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत धुतली होती बरं का," असं मात्र मी अजून कुठल्याही घरी ऐकलेलं नाही. ओट्यावरच्या मशीनला रोज ओल्या फडक्याने पुसतील, तिच्यावर लेसचं कव्हर घालतील, दसऱ्याला झेंडूची माळही घालतील. गच्चीवरच्या टाकीचं झाकण मे महिन्यातल्या वादळात शेजारच्या लेआउटात उडून गेलेलं असतं. त्याच्या जागी पत्र्याचा तुकडा असतो आणि पत्र्यावर एक वीट. आमच्या जलशुद्धीकरणाची पहिली पायरी ही वीट.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाण्याला उगाच बदनाम करू नये. पेंच नदीचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणातून निघतं आणि गोरेवाड्याकडे येतं. तिथे गाळ बसवून, वाळूच्या थरांतून गाळून आणि क्लोरीन देऊन ते गावात सोडतात. कन्हान नदीच्या पाण्यावरही हेच संस्कार होतात. एवढं होऊन निघालेलं पाणी बऱ्यापैकी सज्जन असतं. ते बिघडतं बहुतेक आपल्या दाराशी आल्यावर, शेवटच्या पन्नासेक फुटांत, आणि हे पन्नास फूट आपल्या मालकीचे असल्यामुळे तिथे आपण कोणाला बोलू देत नाही.

आता मशीन विकायला येणाऱ्या भाऊंची जादू बघा. त्यांच्या बॅगेत चार दांड्या लोंबणारं, प्लगवालं एक यंत्र असतं. दोन ग्लास मांडायचे, एकात तुमच्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. प्लग लावला की मिनिटाभरात नळाचं पाणी पिवळं होतं, मग हिरवट, मग काळपट, आणि वर भाजीच्या तर्रीसारखा थर येतो. घरच्या वहिनी "अगं बाई, हे पितो आपण?" म्हणून मटकन बसतात आणि हप्ते सुरू होतात. खरी गोष्ट अशी, की त्या चारपैकी दोन दांड्या लोखंडाच्या असतात आणि दोन ॲल्युमिनियमच्या. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळायला लागतं. तो सगळा चिखल त्या दांडीचाच असतो. मशीनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि दांडी शाबूत राहते. यावर उतारा सोपा आहे. भाऊंच्या त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, "आता लावा." बॅग बंद होण्याचा वेग बघण्यासारखा असतो. फक्त प्लग चालू असताना ग्लासात बोट घालू नका. त्या उघड्या दांड्यांत घरचीच वीज खेळत असते.

जादू फसली की खिशातून टीडीएस मीटर निघतो. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा, आकडा जागचा हलत नाही. चिमूटभर मीठ टाका, आकडा हजाराच्या घरात. नालीच्या काठच्या विहिरीचं पाणी हा मीटर २५० दाखवून पास करू शकतो आणि ते पिऊन अख्खं घर आडवं होऊ शकतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानलं आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं आहे. ई. कोलाय जंतूंना मात्र सवलत नाही, १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये. राष्ट्रीय हरित लवादाने तर २०१९ मध्ये, टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या मशीनवर, बंदी आणा, असे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. आपल्या नळाचं पाणी सहसा या मर्यादेच्या आतच असतं. त्याला गाळणं आणि यूव्हीचा जंतू मारणारा दिवा पुरतो, नाहीतर खळखळून एक मिनिट उकळलं तरी काम होतं. बोअरवाल्या लेआउटांची गोष्ट वेगळी. तिथे तुरीची डाळ चार शिट्ट्यांतही दाण्याला दाणा वेगळी राहते. पाणी जड असल्याची यापेक्षा स्वस्त चाचणी नाही, आणि अशा ठिकाणी आरओ लावला तर मी आक्षेप घेणार नाही.

खरी तपासणी करायची तर प्रयोगशाळेत. पाणी आणि पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी १९५८ पासून याच गावात आहे आणि आपण शेजारच्या काकूंना चव घेऊन बघायला सांगतो. काखेत कळसा असणं म्हणजे अगदी हेच. जंतूंच्या तपासणीसाठी पाणी न्यायचं ते प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाच्या तोंडावरची जाळी काढायची, तोंड ज्योतीने शेकायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरून बर्फात ठेवायची आणि सहा तासांच्या आत पोचवायची. नळ प्लास्टिकचा असेल तर शेकायला जाऊ नका, स्पिरिटने पुसा. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत पाणी नेलं तर रिपोर्ट कोल्ड्रिंकचा येतो.

आता येतो टुल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी ओढणारी छोटी मोटर. उन्हाळ्यात नळ आला की गल्लीतला पहिला माणूस टुल्लू लावतो. दुसऱ्याच्या नळाची धार करंगळीएवढी होते, म्हणून तोही लावतो, आणि दहा मिनिटांत अख्खी गल्ली घुर्र करायला लागते. पाइपात पाण्याचा दाब असतो तोवर फुटक्या जोडातून पाणी बाहेर झिरपतं. दहा पंपांनी एकदम ओढलं की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि तोच जोड उलटा चालायला लागतो. घरापर्यंतचा जुना लोखंडी पाइप बहुतेक नालीतूनच आलेला असतो. बाकीचं सांगायची गरज नसावी. "कुठंतरी पाणी मुरतंय" असं आपण म्हणतो ते इथे शब्दशः खरं आहे, फक्त ते मुरतंय आपल्या माठात. शिवाय ओल्या ओट्यावर उघड्या वायरींचा पंप, तो बाथरूमच्या चपला घालून चालू करायचा, हा प्रकार वेगळाच. पकडला गेला तर पंप जप्त होतो, पण शॉक लागून माणूस जातो त्याची पावती कुठे मिळत नाही. नालीतला पाइप बदलून घ्या आणि नळ आल्यावर पहिलं पाच-दहा मिनिटांचं पाणी सडा-अंगणाला वापरा. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करणारे मला फार भेटतात. अहो, तो वास येतो ही आनंदाची बातमी आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा नियम आहे. वास यायचा बंद झाला की खरी काळजी करावी.

टाकीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण "पाणी सोडून झाडू मारला" याला आपल्याकडे टाकी धुणं म्हणतात. टाकी १००० लिटरची धरू. आदल्या दिवसापासून वापरत वापरत पाणी तळाशी वीतभर आणायचं. सर्वात आधी स्वयंपाकघरातल्या मशीनचा कॉक बंद, हे विसरलात तर पुढचा खर्च तुमचा. मग खालचं वॉशआउट, म्हणजे तळाचं पाणी काढायचं तोंड, उघडायचं आणि नायलॉनच्या ब्रशने आधी भिंती, शेवटी तळ घासायचा. तारेची घासणी नको, तिने ओरखडे पडतात आणि शेवाळाला घर मिळतं. साबणही नको, तो महिनाभर चहात लागतो. तळाचा गाळ सुपलीने आणि स्पंजने उचलून बाहेर काढायचा. तो खालच्या पाइपात ढकलला की दोन दिवसांनी गीझर आणि शॉवरमध्ये भेटतो.

मग ब्लिचिंग पावडर, म्हणजे खेड्यांत जिला टीसीएल म्हणतात ती. ताजी, नाकात झोंबणारी पावडर १५० ग्रॅम घ्यायची. पाकीट वर्षभर उघडं पडलेलं असेल तर तिच्यात उरलेला असतो चुनाच. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून अर्धा तास स्थिर ठेवायची. चुना खाली बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. गाळासकट ओतणाऱ्याचे सगळे नळ पुढे आठवडाभर चुना थुंकतात. टाकी काठोकाठ भरायची आणि घरातला एकेक नळ वास येईपर्यंत उघडून बंद करायचा, म्हणजे पाइपही धुतले जातात. कमीत कमी चार तास, जमलं तर रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सगळं सोडून द्यायचं, तुळशीत मात्र नाही. एकदा साध्या पाण्याने खळबळून टाकी भरली की झालं. सहा महिन्यांतून एकदा एवढं पुरतं. एरवी पाणी गढूळ वाटलं, तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवून घ्यायचा आणि मग १००० लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे चहाचा साधारण अर्धा चमचा, अशीच निवळी करून घालायची आणि अर्धा तास थांबायचं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच भांडत बसतं आणि जंतूंपर्यंत पोचतच नाही. वर घट्ट झाकण, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला नायलॉनची जाळी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची बाळंतपणं तुमच्या गच्चीवर होतात.

आणि ही पावडर संडासच्या ॲसिडशेजारी ठेवायची नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. "डबल सफाई होईल" म्हणून दोन्ही एकदम ओतणारे लोक आहेत, आणि त्यांची सफाई थेट दवाखान्यात पूर्ण होते.

जमिनीखालच्या टाक्याबद्दल गंमत करवत नाही. बंद टाक्यात प्राणवायू कमी असू शकतो आणि ते नाकाला कळत नाही. झाकणं काही तास उघडी ठेवा, एकट्याने उतरू नका, वर एक माणूस दोर धरून उभा हवा. पेट्रोल-डिझेलचा पंप आत चालवायचा नाही, आणि मोटरचा मेन स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात पाय नाही. उजेडाला बॅटरी न्यायची, वायरीचा बल्ब नाही. आत गेलेला माणूस पडला तर त्याच्या मागे उडी मारायची नाही, कारण मग एकाचे दोन होतात.

आता त्या लाडक्या मशीनकडे वळू. "मेंबरेन गेलं" हे सर्व्हिसवाल्यांचं आवडतं वाक्य. मेंबरेन म्हणजे आरओतला क्षार अडवणारा बारीक पडदा. ते खरं की खोटं हे बघायला मापाचा जग आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. मशीन चालू असताना एक मिनिट शुद्ध पाणी आणि एक मिनिट वाया जाणारं पाणी वेगवेगळं मोजा. एकास तीनच्या आसपास असेल तर ठीक. वाया जाणारं पाणी जवळजवळ बंद असेल तर आनंदू नका. एफआर, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याची धार आवरणारा छोटा भाग, तुंबलाय आणि क्षार मेंबरेनवर साचताहेत. मशीन बंद करूनही धार चालूच राहिली तर एसव्ही, म्हणजे पाणी अडवणारी विजेवरची झडप, बिघडलाय, ती छोटी दुरुस्ती आहे. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ३०० आणि बाहेर येणाऱ्याचा ३० च्या आसपास असेल तर मेंबरेन ठणठणीत आहे. आकडा शंभरावर गेला तर आधी टीडीएसचा स्क्रू, म्हणजे शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारा, कोणी फिरवला का ते विचारा. सर्वात आधी जातो तो बाहेरचा पांढरा स्पन फिल्टर. पावसाळ्यात तो दोन महिन्यांत चहाच्या रंगाचा होतो. बदलताना रबराची रिंग खोबणीत नीट बसवली नाही, तर रात्री दोन वाजता स्वयंपाकघराचं अंबाझरी तलाव होतं. आणि मशीनच्या पोटातली सात-आठ लिटरची टाकी? तिथे क्लोरीनही नसतं आणि कोणाचा हातही पोचत नाही. दोन-तीन महिन्यांतून ती धुवायला सांगितली की सर्व्हिसवाला तुमच्याकडे हुंडा मागितल्यासारखा बघतो.

शेवटचा मुद्दा कूलरचा. पाण्याच्या लेखात कूलर कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी नागपुरात मे महिना काढलेला नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. अशा दिवशी कूलर दोनदा भरावा लागतो, आणि आपण नळाला लावलेला पाइप टबच्या तळाशी सोडून गप्पा मारायला निघून जातो. तेवढ्यात नळ गेला किंवा खालच्या मजल्यावर टुल्लू लागला, की तोच पाइप टबातलं वाळ्याचं, डासांच्या अळ्यांचं पाणी उलटं ओढून लायनीत नेतो. ते पुढे कोणाच्या माठात जातं, ते तुम्हाला आणि त्यालाही कळत नाही. म्हणून पाइपाचं तोंड पाण्याच्या वर वीतभर ठेवायचं. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग, तोही अर्थिंगची पिन न मोडलेला, आणि घराच्या बोर्डात वीज गळाली की पुरवठा तोडणारी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या घरांत ते न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं आणि पंपाच्या वायरीत वीज तशीच उभी असते. प्लगच उपसून काढायचा. आतून "अहो, गरम होतंय ना!" असा आवाज येईल. भरून होईपर्यंत येऊ द्या.