दहापैकी तीन

गेल्या शनिवारी एका मित्राचा फोन आला. तो असामान्य आहे आणि त्याच्या असामान्यत्वातले स्वल्पविराम मी तपासून द्यावेत, असं त्याचं म्हणणं होतं.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला ईबी-वन-ए नावाचं एक दार आहे. 'एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅबिलिटी' असलेल्यांसाठी. नोबेलच्या तोडीचा पुरस्कार असेल तर तेवढ्यावर भागतं, नाहीतर दहा निकषांपैकी निदान तीन दाखवावे लागतात. मित्राचे पाच जमले होते, वकील सहावा बसवत होता.

रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. शिफारसपत्रं पाच, सगळी याने स्वतःच लिहिलेली, खाली सह्या मोठ्या लोकांच्या होणार. मी उदारपणे म्हटलं, "एक माझंही घे ना. सहा वर्षं शेजारी बसून काम केलंय आपण."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मुंजीत काकांना 'तुम्ही नका गाऊ' सांगताना बघतात.

"तसं नाही रे. वकील म्हणतो, पत्र देणारा माणूस स्वतः जरा... म्हणजे... कोणीतरी असावा लागतो. तू व्याकरण बघ. तुझं व्याकरण फार चांगलं आहे."

मग बहुधा त्यालाच वाईट वाटलं. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन त्याने माझे तीन निकष शोधून द्यायचं मनावर घेतलं.

"परीक्षक म्हणून कधी काम केलंयस? मी तीन हॅकेथॉनना, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांना, होतो."

"मंडळाच्या रांगोळी स्पर्धेला होतो की."

"रांगोळी तुझं क्षेत्र नाही."

"हॅकेथॉन तुझं आहे? एका वेळी तर तू झूमवर म्यूट होतास."

त्याने ते सोडून दिलं. "बरं, निवडक लोकांनाच घेतात अशा संस्थेचं सदस्यत्व?"

"कॉस्टको सुपरमार्केट. एक्झिक्युटिव्ह मेंबर आहे मी."

"पैसे भरून मिळतं ते चालत नाही."

"तुझी ती संस्था फुकट घेते का?"

"तुझ्याबद्दल कुठे छापून आलंय?"

"दहावीच्या निकालाला, तालुक्याच्या साप्ताहिकात. फोटो माझा, नाव दुसऱ्याचं."

यावर तो खरंच विचारात पडला. वाटी खाली ठेवली, बोट चाटलं. "त्याचं सर्टिफाइड भाषांतर करून घेता येईल," म्हणाला. थट्टा करत नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"महत्त्वाची भूमिका? तुझ्यावाचून कंपनीचं कधी अडलंय?"

मी तीन आठवडे भारतात जाऊन आलो होतो, तेव्हा साहेबाने विचारलं होतं, "कालच्या मीटिंगला तू का बोलला नाहीस?" हे मी मित्राला सांगितलं नाही.

"क्षेत्रातल्या इतरांपेक्षा भरपूर पगार?"

"तो निकष सोडा हो भाऊजी," स्वयंपाकघरातून आवाज आला.

जाताना त्याने मला धीर दिला. "तुला ना, इम्पोस्टर सिंड्रोम आहे." मी रात्री वाचून काढलं. यश मिळूनही आपण तोतया आहोत असं वाटत राहणं, म्हणजे हा. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी हे प्रथम मांडलं, आणि तेसुद्धा भरपूर यश मिळवलेल्या बायकांबद्दल. म्हणजे तिथेही प्रवेश परीक्षा आहेच.

विनोद बाजूला. साधारण असणं हा या देशात गुन्हा नाही. ऑफिसात माझ्याइतकेच साधारण पुष्कळ आहेत, आणि त्यांना ग्रीन कार्डं मिळाली आहेत. ते भारतात जन्मले नाहीत, एवढाच त्यांचा पराक्रम. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, हा नियम. आइसलँडलाही सात, आपल्यालाही सात. माझं दार त्याच्या शेजारचं, ईबी-टू; तिथली माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत उभं राहिल्याची तारीख, २०१६ ची. रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला उघडायचं, राशिभविष्य वाचावं तसं, आणि मिटायचं. २०२५ या अख्ख्या वर्षात रांग २०१२ मधून २०१३ मध्ये आली. असामान्यांनाही भारतीय म्हणून रांग आहेच, पण आमच्यापेक्षा पुष्कळ आखूड. वडिलांच्या बायपासच्या वेळी पासपोर्टवर परत येण्यासाठी लागणारा व्हिसाचा शिक्का नव्हता. गेलो आणि परत येता आलं नाही तर, या भीतीने गेलो नाही. व्हिडिओ कॉलवर बाबाच मला म्हणाले, "काळजी करू नकोस." याचं शिफारसपत्र कोण देणार?

असो. स्वल्पविराम.

पहिल्या पत्रात हैदराबादचे एक प्राध्यापक, जे माझ्या मित्राला कधी भेटलेले नाहीत, त्याच्या कामाने भारावून गेले होते. दुसऱ्यात एक उपाध्यक्ष त्याच शब्दांत भारावले होते, म्हणून मी त्यांना 'थक्क' केलं. तिसऱ्या पत्राशी मला काहीतरी खटकलं. पुन्हा मागे जाऊन पाहिलं, तर सगळीकडे तेच. 'एक्स्ट्रा' आणि 'ऑर्डिनरी' या दोन शब्दांच्या मध्ये एक मोकळी जागा सुटली होती. वाजवीपेक्षा जास्त साधारण. पाच मान्यवर माझ्या मित्राबद्दल हे लिहून देणार होते, आणि वर्णन तंतोतंत माझं होतं.

कर्सर त्या फटीत लुकलुकत होता. चार पत्रांतल्या फटी मी बुजवल्या आहेत. पाचवं अजून तसंच आहे. बायको म्हणते, राहू दे एक.